तक्त्याप्रमाणे

ती गेली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्या नातेवाइकांची अशी समजूत होती की गेला तो तिचा नवराच. यात कुणाची फारशी चूक नव्हती. मुलीने हॉस्पिटलातून मोठ्या मावशीला फोन लावला, तिला रडण्यापलीकडे काही बोलता आलं नाही, आणि मावशीनेही कोण गेलं म्हणून विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. या घरातून पहिलं कोण जाणार हे सगळ्या गोतावळ्याला वीस वर्षांपासून पाठ होतं. "शेवटी झालंच ना ते, तरी मी दर भेटीत सांगत होते, साखर सोडा म्हणून," असं म्हणून मावशीने पुढचे फोन करायला घेतले. तो तेवढ्यात हॉस्पिटलातून तासाभरासाठी घरी आला होता. तिचे चांगले कपडे न्यायचे होते आणि कपाटासमोर उभं राहिल्यावर चांगले कुठले ते त्याला कळत नव्हतं. दाराची घंटा वाजली. उघडलं तर समोर ऑफिसातला जुना सोबती, ज्याला सगळे छत्री म्हणत, कारण कडक उन्हातही त्याच्या काखेत छत्री असायची. मागे छत्रीची बायको, हातात फुलं. छत्रीने येतानाच चेहरा तयार करून आणलेला होता आणि दार उघडल्यावर तो चेहरा आता ठेवावा कुठे हे त्याला सुचेना. त्याने आधी याचं पोट पाहिलं, मग तोंड पाहिलं, मग परत पोट पाहिलं. "अरे," छत्री म्हणाला, "तू आहेस होय." या आवाजात आनंद होता, नाही असं नाही. पण त्याबरोबर आणखी एक सूर होता, तो त्याला ऑफिसातून ओळखीचा होता. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही की छत्री अशाच आवाजात बोलायचा. "मी आहे," तो म्हणाला, "ती गेली." "वहिनी?" छत्री म्हणाला. "पण वहिनींना काय झालं होतं? त्या तर किती..." आणि बारीक हा शब्द तोंडातून काढण्याऐवजी त्याने हाताने हवेत वरून खाली एक सरळ रेघ ओढली. रेघ ओढून झाली तरी हात बराच वेळ हवेतच राहिला.

त्यांच्यामागून मोठी मावशी आली. ती जिन्यापासूनच रडत येत होती. "बाळे, धीर धर ग, मी आले," असं धाकट्या बहिणीला उद्देशून म्हणत ती आत शिरली आणि कोचावर तो बसलेला पाहून जागच्या जागी थांबली. "तुम्ही?" ती म्हणाली. आणि तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माफ करा." हे तो का बोलला ते त्याला कळलं नाही. पण पुढे कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की त्या दिवशी तो जे काही बोलला त्यात धड असं तेवढंच होतं.

तो विमा कंपनीत होता. पस्तीस वर्षं एकाच खुर्चीत, म्हणजे खुर्च्या तीन मोडल्या, पण जागा एकच. विमा मागायला येणाऱ्या माणसांची उंची, वजन आणि पोटाचा घेर बघायचा, मागच्या भिंतीवरच्या काचेतल्या तक्त्याशी ताडायचा, आणि माणूस तक्त्यात बसत नसेल तर त्याचा हप्ता वाढवून वरच्या साहेबांकडे पाठवायचा, हे त्याचं काम. ऑफिसात त्याला तक्तासाहेब म्हणायचे. तक्ता कुणी केला, कुठल्या माणसांना मोजून केला, ती माणसं पुढे खरंच कधी मेली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तक्त्यात उंचीपुढे वजन होतं आणि वजनापुढे धोका होता, आणि सगळे आकडे एकाखाली एक नीट लागलेले होते. एकदा एक गोळाफेक करणारा माणूस आला होता. मान नसलेला, दंड मांडीएवढे. त्याचा हप्ता वाढवला तेव्हा तो टेबलावर ओणवा होऊन म्हणाला, "ही चरबी नाही, साहेब. दाबून बघा." त्याने दाबून बघितलं. खरंच दगड होता. "तक्ता दाबून बघत नाही," तो म्हणाला. तो माणूस हसला आणि वाढलेला हप्ता कबूल करून गेला. गंमत म्हणजे तक्तासाहेब स्वतः त्या तक्त्यात कुठेच नव्हता. त्याच्या उंचीच्या ओळीत बोट सरकवत नेलं तर उजवीकडे कागद संपायचा, पुढे लाकडी चौकट लागायची, आणि त्याचं वजन चौकटीच्याही बाहेर, भिंतीवर कुठेतरी असायचं. छत्री म्हणायचा, "तू पोपड्यांत येतोस." बायको मात्र तक्त्यात अशी बसायची की जणू तिलाच समोर उभी करून तो आकडा छापला असावा. लग्नानंतर पहिल्यांदा ती ऑफिसात आली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला काट्यावर उभं केलं होतं. आकडा वाचून हेडक्लार्कने खुर्चीतून उठून तिला नमस्कार केला.

तेव्हा आधी तो जाणार हे नवराबायकोंनी लग्नातच धरून ठेवलं होतं, आणि त्यात दुःख असं काही वाटत नव्हतं. पुढेमागे घराला रंग काढायचा आहे इतक्या सहज ते त्याबद्दल बोलायचे. फक्त तयारी करून ठेवायला हवी असं त्याचं म्हणणं होतं. तयारीचा वार रविवार. सकाळी आधी त्याचं वजन व्हायचं. न्हाणीघरातल्या काट्यावर तो उभा राहायचा, पोटामुळे काटा त्याला दिसायचा नाही, मग ती समोर उकिडवी बसून बातम्या वाचल्यासारखा आकडा वाचायची. "खरं?" तो विचारायचा. "खरं," ती म्हणायची. डॉक्टरांकडचा काटा नेहमी चार किलो जास्त दाखवायचा. काट्याकाट्यांत फरक असतो, असं ती म्हणायची, आणि त्यावर तो पस्तीस वर्षं वजनांत घालवलेला माणूस मान डोलवायचा. वजन झालं की शिकवणी. त्याचं प्रत्येक वाक्य 'माझ्यानंतर'पासून सुरू व्हायचं. माझ्यानंतर हा खटका आधी पाडायचा, मग फ्यूजला हात लावायचा. माझ्यानंतर टाकी वाहायला लागली तर संडासामागची चावी उजवीकडे. माझ्यानंतर खालच्या गल्लीतल्या प्लंबरला बोलवायचं नाही, तो आधी बिघडवतो आणि मग दुरुस्त करतो. "आणि आत्ता?" ती विचारायची. "आत्ता मी आहे ना." ती हसायची, आणि तोंडात टॉर्च धरून स्टुलावर चढून फ्यूज बसवून दाखवायची. तो खाली स्टूल धरून उभा राहायचा आणि गुण द्यायचा. बँकेतली कामं, पंप, गीझर, दाराचं कुलूप उतरवणं, सगळ्यात ती पास झाली. ड्रिल मशीनमध्ये तेवढी नापास. भिंतीला भलत्याच जागी भोक पडलं, तर म्हणाली, "माझ्यानंतर त्यावर तसबीर लावा." तो चिडला. "तुझ्यानंतर कुठून आलं? विषय काय चाललाय?" "मीच आधी गेले तर?" "तक्त्यात बसत नाही," तो म्हणाला, आणि दोघं हसली. त्यामुळे झालं असं, की ज्या बाईला एकटीने राहायचं होतं तिला या घरात एकटीने राहण्याबद्दल सगळं येत होतं, आणि जो माणूस एकटा राहिला त्याला चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे माहीत नव्हतं. ती छत्रीच्या बायकोने शोधून दिली.

शेवटच्या वर्षात ती बारीक होत गेली. ती मुळात जाड नव्हतीच, पण उतारवयात कमरेला थोडं सुटलं होतं, तेवढं उतरलं आणि मग आणखी उतरलं. घरात एवढा आनंद बऱ्याच वर्षांत कशाने झाला नव्हता. मोठी मावशी तिला फोन करून विचारायची, काय करतेस तरी काय, मला सांग. शेजारची शिक्षिका जिन्यात थांबवून म्हणायची, "तुमच्याकडे बघून आम्हाला लाज वाटते." डॉक्टरांनी तिच्या वजनावर नजर टाकली आणि शाबास म्हणाले, आणि ती शाबासकी घेऊन तरंगत घरी आली. "मी काहीच करत नाही हो, फक्त भूक लागत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची आणि लोकांना तो तिचा विनय वाटायचा. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक निळा कोट तिने ट्रंकेतून काढला. तो अंगाला बसला. बाहेर उकडत असताना ती तो कोट घालून घरभर फिरली, वळून मागून कसा दिसतो विचारत राहिली. तो काट्यावर उभा होता, आकडा वाचायला कुणी येईना म्हणून हाका मारत होता. त्याला तिचा थोडा हेवाच वाटला होता. मग एका सोमवारी तिचे डोळे पिवळे दिसले, आणि आठवडा सरायच्या आत ती नव्हती. पोटात आतल्या बाजूला, पाठीला लागून काहीतरी वाढत होतं, असं तरुण डॉक्टरीण म्हणाली. वजन उतरायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं, असंही म्हणाली. "तेव्हा आम्ही अभिनंदन करत होतो," तो म्हणाला. डॉक्टरणीला वाटलं धक्क्याने बोलतोय. तिने नर्सला त्याच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

आता मुलगी. मुलगी स्वभावाने आईवर गेली होती आणि अंगाने त्याच्यावर, आणि दुसऱ्या गोष्टीचा राग ती पहिलीतून काढायची. लोकांची ये-जा थांबल्यावर एक दिवस तिने त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. जावईही होता. जावई चांगला माणूस, पण त्याच्या मनगटावर असं एक घड्याळ होतं की ते थोड्या थोड्या वेळाने त्याला उभं राहायला सांगायचं, आणि तो उभा राहायचा. भेटायला आलेल्या लोकांत कुणी बोलता बोलता गहिवरलं की नेमका जावई उठायचा आणि लोक समजायचे, मुलगा कोसळतोय. "बाबा, तुम्ही आमच्याकडे चला," मुलगी म्हणाली. "नको." "एकटे कसे राहाल?" "राहीन की. मी शिकवलंय सगळं." "कुणाला?" तिच्या घरातली त्याच्यासाठीची खोली त्याला माहीत होती. तिथे एक व्यायामाची सायकल होती. तिच्यावर कपडे वाळत असायचे, आणि तिला भिंतीकडे सरकवून एक खाट टाकता येईल असं जावयाने माप घेतलं होतं. खोली वाईट नव्हती. पण तिथे तो सांभाळायचं माणूस झाला असता, आणि संध्याकाळी कुणीतरी त्याला फिरवून आणलं असतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मुलीला सांगण्यासारखी नव्हती. इतकी वर्षं त्याने एका बाईला या घरात एकटीने राहायला शिकवलं. ती राहिली असती. रडली असती आणि राहिली असती, पंप लावला असता, प्लंबरला दारातून परत पाठवलं असतं. आणि मास्तरलाच त्या परीक्षेला बसवलं तर मास्तर पेपर कोरा देऊन मुलीच्या घरी जाऊन झोपणार. ते त्याच्या जिवावर येत होतं. मुलगी त्याच्याकडे बघत होती. आई गेली, आता तुम्ही जाऊ नका, असं तिला म्हणायचं होतं, तिच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं. पण ती म्हणाली, "वर्ष संपायच्या आत पंच्याण्णव किलोच्या खाली या. आलात तर राहा इथे. नाहीतर मी सामान बांधायला येते." "पंच्याण्णवसुद्धा तक्त्यात नाही," तो म्हणाला. "तक्ता गेला खड्ड्यात," मुलगी म्हणाली. घड्याळ वाजलं आणि जावई उभा राहिला.

त्या वेळी तो एकशे सहा होता. निदान काटा तसं म्हणत होता, म्हणजे जावई उकिडवा बसून तसं म्हणाला. नंतर आकडा वाचायला घरात कुणी नव्हतं, म्हणून काही आठवडे तो काट्याकडे गेलाच नाही. तो डाएट करत नव्हता. करायची त्याची मनापासून तयारी होती, मुलीने फळं आणि भाज्यांची पिशवी पाठवली होती, पण पिशवीतून काहीतरी बाहेर काढून त्याचं जेवण करायचं म्हणजे मधे पुष्कळ गोष्टी याव्या लागतात, आणि त्या गोष्टी त्याला येत नव्हत्या. बटाटे किती वेळ उकडायचे हे कुणाला विचारावं असं त्याला दुपारी वाटायचं आणि संध्याकाळी वाटेनासं व्हायचं. पाव असायचा. तो ओट्याजवळ उभ्याने पाव खायचा. ताट घ्यावं लागत नाही, घासावं लागत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीतली एक बाई दिसायची, ती त्याच वेळी भांड्यात काहीतरी ढवळत असायची, आणि तो तिच्या हाताकडे बघत चावत राहायचा. चव लागायची नाही. तशी तोंडाची काही तक्रार नव्हती. घासाची घडी घालून आत ठेवल्यासारखं वाटायचं, एवढंच. कधी पोट दुखतंय का म्हणून तो हात लावून बघायचा आणि हात लावला की दुखल्यासारखं व्हायचं. हात काढला की थांबायचं. मग खरं कुठलं, दुखतं ते की थांबतं ते, याचा विचार करत तो ओट्याला टेकून उभा राहायचा, आणि समोरची बाई दिवा मालवून आत गेलेली असायची.

एके सकाळी सवयीने तो काट्यावर चढला, खाली पाहिलं, आणि त्याला स्वतःच्या पायांचे अंगठे दिसले. उभ्याने त्याने ते कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. ते म्हातारे झाले होते. बाकीचा तो जसा आरशात हळूहळू म्हातारा होत गेला, रोज थोडा, चालवून घेण्यासारखा, तसं या अंगठ्यांचं झालं नव्हतं. ते त्याच्या नजरेआड एकदम म्हातारे होऊन बसले होते, वाकडे, पिवळट नखांचे, कुणा परक्याचे असावेत तसे. त्यांच्या पुढे आकडा होता. तो त्याने स्वतः वाचला. सत्त्याण्णव. त्याने "खरं?" असं विचारलं, मोठ्याने, आणि मग काट्यावरून उतरून चप्पल घातली आणि बाहेर पडला. बाहेर सगळं जग त्याची वाटच बघत होतं. फळवाला म्हणाला, "काका, काय फिट झालात." जिन्यात शिक्षिकेने थांबवलं, "तुमच्याकडे बघून आम्हाला लाज वाटते." पुढच्या चौकात छत्री भेटला. त्याने दोन पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून, गाय विकत घ्यायला आल्यासारखं त्याला न्याहाळलं. "अरे, तू पोपड्यांतून बाहेर आलास की. चौकटीपर्यंत पोचलास. काय करतोस तरी काय?" "काही नाही," तो म्हणाला, "भूक लागत नाही." "हे बघ, विनय नको. मलाही सांग." आणि हे बोलताना छत्री हसत होता, त्याच्या पाठीवर थापा मारत होता. तिच्या वेळचीच ही वाक्यं. शब्दही तेच, आणि भूक लागत नाही हे तिचं वाक्य तर आता तो स्वतः बोलला होता. घरी येऊन त्याने आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. खिडकीशी जाऊन परत पाहिला. पिवळा दिसला. मग भिंत पाहिली, तीही पिवळीच होती, रंग तसाच होता. तेवढ्याने थोडं बरं वाटलं.

वर्ष संपायच्या आधीच्या रविवारी मुलगी आणि जावई आले ते नवा काटा घेऊन. काचेचा, दिव्याचा, वजनाबरोबर हाडं, पाणी, चरबी असं सगळं निरनिराळं सांगणारा. तो सरळ जावयाच्या फोनमध्ये सांगायचा, त्यामुळे कुणी उकिडवं बसायची गरज नव्हती. मुलगी दारातच त्याला बघून म्हणाली, "बाबा." मग म्हणाली, "दिसतंय हां." तिने जुन्या पिशव्या आणल्या होत्या, सामान बांधावं लागलंच तर, आणि त्या तिने हळूच टेबलाखाली सरकवल्या. तो काचेवर चढला. पायाला गार लागलं. सगळे फोनकडे बघायला लागले, जसे पूर्वी निकालाच्या कागदाकडे बघायचे. "ब्याण्णव," जावई म्हणाला. मुलीने तोंडावर हात ठेवला. "थांब, अजून येतंय. पाणी ठीक. हाडं ठीक. आणि शरीराचं वय," जावयाने फोन डोळ्यांजवळ नेला, "एकसष्ट. बाबा, तुम्ही एकाहत्तरचे ना? दहा वर्षं कमावली तुम्ही." मुलगी रडायला लागली, आनंदाने, आणि त्याला काचेवरून उतरूही न देता तिने मिठी मारली. काट्यावर आता दोघांचं वजन पडत होतं आणि जावई म्हणत होता, अगं सोड, तो गोंधळतोय. तो मुलीच्या खांद्यावरून समोर बघत उभा राहिला. एकसष्टाव्या वर्षी तो नुकताच घरी बसायला लागला होता. तेव्हा सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज व्हायचा. त्या वयाला तो परत पोचला असेल, तर घरात आणखी एक माणूस असायला हवं होतं.

जिंकला होता तो. घर त्याचं होतं. गप्प बसायचं, चहा द्यायचा (साखर आता सापडत होती), आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवायचं, एवढंच उरलं होतं. मुलगी डोळे पुसत म्हणत होती, "आई असती ना, तर तुमचं कौतुक करून करून..." आणि तो म्हणाला, "तिचंही आपण केलं होतं." "काय?" "कौतुक. ती बारीक झाली तेव्हा. तू तिच्यासाठी नवा पट्टा आणला होतास, कमरेचा." मुलीने डोळे पुसायचं थांबवलं. "मी काही कमावलं नाही ग," तो म्हणाला. "मी डाएट केलं नाही. मला जेवण करता येत नाही आणि भूक लागत नाही. पाव खातो. आता हे वजन उतरलंय ते न जेवल्यामुळे, की दुःखामुळे, की आत काही आहे म्हणून, ते मला सांगता येत नाही. पस्तीस वर्षं मी ते काम केलं. तक्त्यात या तिन्हींसाठी रकाना एकच आहे." जावयाचं घड्याळ वाजलं. तो आधीच उभा होता, तर बसला.

मुलीने जाऊन फ्रिज उघडला. आत तिने पाठवलेली पिशवी होती, आणि पिशवीत जे होतं त्याला आता भाजी म्हणता आलं नसतं. ती ओरडेल असं त्याला वाटलं. "म्हणजे तुम्ही चार महिने उपाशी राहिलात," ती फ्रिजकडे बघत म्हणाली, "माझ्याकडे यायला लागू नये म्हणून." "तसं नाही." "इतकं वाईट आहे का माझं घर?" "सायकल आहे तिथे." "सायकल विकू बाबा." "विकू नका. कपडे कुठे वाळत घालाल?" तिला हसू आलं, ते तिला नको होतं, म्हणून ती आणखी चिडली. आईसारखीच. मग तिने टेबलाखालच्या पिशव्या काढल्या, आता सामान बांधणार असं त्याला वाटलं, पण तिने त्यांत फ्रिजमधलं सडकं भरलं आणि जावयाला खाली टाकून यायला सांगितलं. "येताना अंडी आण. बटाटे आण. आणि बटाटे किती वेळ उकडतात ते विचारून ये." "तुला नाही माहीत?" बापाने विचारलं. "मला आईने कुठे शिकवलं? ती म्हणायची, माझ्यानंतर शीक." हे ऐकून तो खुर्चीत बसला. घरात माझ्यानंतरच्या शिकवण्या दोन ठरल्या होत्या, हे त्याला माहीत नव्हतं, आणि दुसरी सुरूच झाली नव्हती.

त्या दिवशी जावयाने अंडी केली. खाली थोडी करपली. सासऱ्याने तीन खाल्ली, बसून, ताटात. तिसरं खाताना मीठ जास्त झालंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो ते बोलूनही गेला. मुलीने नवी अट घातली. पुढच्या महिन्यात पंच्याण्णवच्या वर. आणि त्याआधी रक्त, पोटाची तपासणी, सगळं. "रिपोर्ट नीट आला आणि वजन वाढलं तर राहा इथे. नाहीतर सायकल आहेच." "ब्याण्णववरून पंच्याण्णव," तो म्हणाला. "तुझा काही धरबंध राहिला नाही. छत्रीला मी काय सांगू?" "सांगा, परत पोपड्यांत चाललो."

तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. तिथल्या बाकावर सगळे कुरकुरत बसले होते, एकटा तोच सराईतासारखा बसला होता. रक्त काढणाऱ्या मुलीने दंडाला पट्टा बांधताना त्याचं वजन विचारलं आणि आकडा ऐकून म्हणाली, "काका, कमी करायला हवं." तिच्या तोंडून ते ऐकून त्याला एवढं बरं वाटलं की त्याने तिला परत म्हणायला लावलं. पोटावर थंड जेल लावून एका डॉक्टरने काळ्या पडद्यावर बराच वेळ काहीतरी शोधलं. काय दिसतंय विचारलं तर म्हणाला, डॉक्टर बोलत नाहीत, रिपोर्ट बोलतो. घरी येऊन त्याने बटाटे उकडायला ठेवले. वाट बघण्यापेक्षा तिथेच उभा राहिला. समोरच्या खिडकीतली बाई ढवळत होती. आज त्याच्याकडेही ढवळायला होतं, म्हणून त्याने बटाटे ढवळले. बटाटे ढवळायचे नसतात हे त्याला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा. मग मुलीचा आला. "आणला का?" "जेवतोय," तो म्हणाला. दुपारी परत आला. "बाबा, आणला?" "जेवायला बसलोय." संध्याकाळी पुन्हा. "बाबा, तुम्ही आज तिसऱ्यांदा जेवताय." "वजन वाढवायचंय ना," तो म्हणाला. पलीकडे तिने फोन ठेवला नाही, आणि त्यानेही ठेवला नाही. तो चावत होता आणि ती ऐकत होती. "मीठ घातलंत का?" तिने विचारलं. "घातलं. जरा कमीच." "मग अजून घाला."

लॅब सातपर्यंत उघडी असते, बसथांब्याच्या पलीकडे, चालत जाण्यासारखी. रिपोर्ट अजून आणायचा आहे.